केबिन निवडावी ती जागा पाहून

भिलाईला समुद्र नाही. शेजारच्या दुर्गहून मुंबई गाठायची तर रेल्वेने सुमारे १,१०० किलोमीटर जावे लागते. तरीही सप्टेंबर २०२१पासून कॉर्डेलिया क्रूझ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोव्याकडे आणि लक्षद्वीपकडे जाऊ लागले, आणि क्रूझचा विषय या पोलादनगरीतल्या मराठी घरांतही निघू लागला. विषय निघाला की एक सल्ला हमखास मिळतो : एवढ्या लांबून जायचे, एवढे पैसे मोजायचे, तर बाल्कनीचीच केबिन घ्या, ती परवडत नसेल तर निदान खिडकीची तरी, आतली केबिन म्हणजे कोंडवाडा. हा सल्ला आपुलकीने दिलेला असतो आणि त्यात तथ्यही आहे. ज्याने आयुष्यभर सेक्टरमधल्या क्वार्टरच्या खिडकीतून झाडे आणि रस्ता पाहिला, त्याला पलंगावरून समुद्र पाहावासा वाटला तर त्यात गैर काहीच नाही. माझा आक्षेप या इच्छेला नाही. केबिनची पारख करताना खिडकीला पहिला मान देण्याला आहे. केबिनची पहिली कसोटी ती जहाजात नेमकी कुठे आहे, ही असली पाहिजे. लांबीच्या मध्याजवळची, खालच्या मजल्यावरची, वर-खाली शांतता असलेली केबिन आतली असली, तरी जहाजाच्या टोकाच्या खिडकीवाल्या केबिनपेक्षा सरस ठरते.

याचा पुरावा साध्या भूमितीत आहे. १९९० साली बांधलेल्या ‘एम्प्रेस’ची लांबी सुमारे २११ मीटर. लाटांवर जहाजाचे पुढचे टोक वर जाते तेव्हा मागचे खाली जाते, आणि ही हालचाल साधारण मध्याभोवती होते. जहाज केवळ एका अंशाने कलले, तर मध्यापासून १०० मीटरवरचा पलंग पावणेदोन मीटर वर किंवा खाली जातो. १० मीटरवरचा पलंग जेमतेम १७ सेंटिमीटर. डावी-उजवीकडे झुकण्याचाही हाच हिशेब. तीन अंशांच्या झुकावाला, झुकण्याच्या अक्षापासून २० मीटर उंचीवरचा माणूस सुमारे एक मीटर बाजूला फेकला जातो, पाच मीटर उंचीवरचा पाव मीटर. घाटातल्या बसमध्ये शेवटच्या बाकावरच्याला गाडी आधी लागते, तेच इथे बोट लागण्याचे. गंमत अशी की उंचावरच्या केबिनी सहसा महाग असतात. म्हणजे जास्त पैसे मोजून जास्त हेलकावे पदरात घेतले जातात, आणि ज्यांनी कधी समुद्रप्रवास केलेला नाही त्यांना तेच सर्वांत जड जातात.

यावर पहिला आक्षेप येतो की आधुनिक जहाजांना स्टॅबिलायझर असतात, मग हा हिशेब कशाला? स्टॅबिलायझर म्हणजे पाण्याखाली दोन्ही कुशींतून बाहेर काढली जाणारी पाती. ती बाजूचे झुकणे बरेच कमी करतात. पुढच्या-मागच्या टोकांची वरखाली त्यांना फारशी आवरत नाही. म्हणून टोकाची केबिन टोकाचीच राहते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : क्षितिज दिसले की मळमळ कमी होते, मग खिडकी हवीच. हे शास्त्राला धरून आहे. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा हालचाल सांगते आणि डोळ्यांना भिंत स्थिर दिसते, या विसंगतीने मळमळते. क्षितिजावर नजर ठेवली की दोघांचा मेळ बसतो. पण रात्री खिडकीबाहेर काळोख असतो, क्षितिज नसते. आणि दिवसा तेच क्षितिज उघड्या डेकवर, वाऱ्यासकट, प्रत्येक तिकिटाला मिळते. शिवाय खालच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडत नाहीत, आणि कित्येक जहाजांत काही खिडक्यांसमोर लाइफबोटी टांगलेल्या असतात. तेव्हा खिडकीचे पैसे देण्याआधी तिच्यातून काय दिसणार, हे तरी विचारावे.

झोपेचा मुद्दा भिलाईकरांना वेगळा समजावून सांगायला नको. नाइट शिफ्ट करून आलेल्याच्या घरात दिवसा जाड पडदे ओढून, दार लोटून, मुलांना गप्प करून झोप मिळवावी लागते. आतल्या केबिनचा पूर्ण अंधार हा दोष नसून तिचा गुण आहे. झोप मोडते ती बहुधा आवाजाने, आणि आवाजही जागेवरच ठरतो. म्हणून बुकिंगआधी डेक प्लॅन मागून घ्यावा, आपल्या केबिनवर बोट ठेवावे आणि त्याच ठिकाणी वरचा व खालचा मजला पाहावा. वर स्विमिंग पूल असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज. खाली थिएटर किंवा डान्स फ्लोअर असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. अगदी पुढे असेल तर बंदरात शिरताना नांगराच्या साखळीचा आणि थ्रस्टरचा खडखडाट. वर-खाली दोन्हीकडे केबिनीच असतील तर ती जागा उत्तम. लिफ्ट जवळ असावी, पण दाराला लागून नको. ‘केबिन नंबर नंतर कळवू’ अशा स्वस्त दराचा मोह ज्येष्ठांनी टाळावा, कारण त्यात हा सगळा अधिकार आपण सोडून देतो.

कुटुंबाच्या सोयीचाही विचार व्हावा. चौघांसाठी एकच खिडकीची केबिन घेतली तर दोघांना भिंतीतून उघडणाऱ्या वरच्या बर्थवर शिडीने चढावे लागते आणि एका बाथरूमसाठी सकाळी रांग लागते. समोरासमोरच्या दोन आतल्या केबिनी मिळाल्या तर आजी-आजोबांना खालचा पलंग मिळतो आणि बाथरूमही दोन होतात. दोन्ही पर्यायांचे दर शेजारी ठेवून पाहावेत. फरक थोडा निघाला तर दोन केबिनीच घ्याव्यात.

उरते भीती : आतल्या केबिनमध्ये अडकलो तर? २०१२च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडले आणि ३२ जण दगावले. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची आणीबाणीची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि २०१५पासून अशी कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. संकटात सुटकेची वाट खिडकीतून नसते; ती कॉरिडॉर आणि जिन्याने मस्टर स्टेशनला, म्हणजे संकटात जमण्याच्या ठरलेल्या जागी जाते, सर्वांसाठी सारखीच. केबिन कुठलीही असो, कवायतीला हजर राहून ती वाट पायाखालून घालणे हीच खरी सुरक्षितता.

अपवाद आहेत, आणि ते मानलेच पाहिजेत. बंद खोलीत ज्याचा जीव घाबरतो, ज्याला आजारपणामुळे दिवसाचा बराच वेळ पडून राहावे लागते, किंवा आठवडाभराच्या लांब सफरीत ज्याला एकांत हवा आहे, त्याने खिडकी किंवा बाल्कनी जरूर घ्यावी. पण तीही मध्यातली. भारताची पहिली स्वदेशी विमानवाहू नौका ‘विक्रांत’ ज्या पोलादातून उभी राहिली, त्यात भिलाईच्या कारखान्याचाही वाटा आहे. प्लेट मिलमध्ये घडलेल्या या गावाने जहाजाकडे जाहिरातीतल्या फोटोवरून पाहू नये, त्याचा नकाशा वाचावा. आधी मध्य, मग मजला, मग शेजार आणि शेवटी खिडकी, या क्रमाने केबिन निवडली तर दोन-तीन रात्रींच्या सफरीत पैसे झोपेवर, तब्येतीवर आणि डेकवरच्या समुद्रावर लागतात. आणि लांबून जाण्याचे सार्थक त्यातच आहे.