बाजार खुला झाला, पण मोळीला नाका तसाच!



गेली कित्येक वर्षं एक शब्द आपल्या कानावर आदळतोय. जागतिकीकरण. १९९१ च्या जुलैमध्ये दिल्लीच्या सरकारनं दारं उघडायला सुरुवात केली. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना आली. १ एप्रिल २००१ ला उरलेल्या ७१५ वस्तूंच्या आयातीवरची बंधनंही उठवली. आता बाजार खुला झाला, असं सांगतात. माझा सवाल एकच आहे. खुला झाला तो कोणासाठी?

मी मसुऱ्याहून लिहितोय. मालवण तालुका, सिंधुदुर्ग जिल्हा. ठाणे-रायगडच्या साथींना वाटेल, तिकडं समुद्र आणि आंबे, तिथं आदिवासी कुठून आले? आहेत. कातकरी आहेत, ज्यांना इथले लोक वानरमारे म्हणतात. ठाकर आहेत, ज्यांचे कळसूत्री बाहुल्यांचे खेळ बघायला शहरातले लोक कुडाळजवळच्या पिंगुळीला येतात. पण आमचा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. म्हणून १९९६ चा ग्रामसभेचा पेसा कायदा आम्हाला लागू नाही. संख्येनं थोडे, म्हणून मताला किंमत नाही. जातीच्या दाखल्यासाठी पिढ्यान् पिढ्या खेटे घालायचे. अशा माणसांपर्यंत खुला बाजार कसा पोचला ते काजूवरून सांगतो.

काजूचं झाड मुळात इथलं नाही. पोर्तुगीजांनी ते ब्राझीलहून आणलं. तेव्हा परदेशातून आलेल्या प्रत्येक वस्तूशी आमचं वैर आहे असं कोणी समजू नये. ते झाड या डोंगरात रुजलं, आमचं झालं. मार्च ते मे आमच्या बाया बांधावरची, रानातली बी वेचायच्या, बोंडू पोरं खायची आणि बी विकून पावसाळ्याचं तांदूळ-मीठ-मिरची भरायची.

मग १९९० साली सरकारनं रोजगार हमीतून फळबाग योजना आणली. शंभर टक्के अनुदान. अनुदान कोणाला? ज्याच्या नावावर सातबारा त्याला. खड्डे कोणी मारले? आम्ही. ज्या वरकस जमिनीवर आमचे बापजादे मालकाला वाटा देऊन नाचणी-वरी करायचे, तिथं काजूची कलमं लागली आणि भोवती कुंपण पडलं. माझ्या बापानं ज्या भरडावर वीस वर्षं नाचणी पिकवली, तिथं आज तो मजुरीनं गवत काढतो. सरकारी कागदात याला विकास म्हणतात.

बरं, मजुरी तरी मिळेल म्हटलं. पण मजुरी बीच्या भावावर, आणि भाव कुठं ठरतो? मसुऱ्याच्या बाजारात नाय. काजूच्या गराला नंबर असतो. ३२० नंबरचा गर म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे गर. हा नंबरी गर अमेरिकेत आणि युरोपात काय भावानं जातो, त्यावर कोल्लम आणि मंगळूरचा मोठा कारखानदार ठरवतो बीला किती द्यायचे. त्याला बी फक्त कोकणातून घ्यायची गरज नाही. टांझानिया आणि मोझांबिकची बी ऑक्टोबर ते जानेवारीत निघते. आयव्हरी कोस्टची आपल्याच हंगामात येते. जहाजं भरून ती आपल्या बंदरांत उतरते. आमची बी मार्चमध्ये पडायला लागते तेव्हा त्याची गोदामं आधीच भरलेली. मग व्यापारी आमच्या बाईला सांगतो, "यंदा मागणी नाय." आणि बी घरात ठेवली तर पावसाळ्यात बुरशी धरते. तिनं काय करावं? देईल त्या भावाला घालते.

इथल्या छोट्या काजू कारखान्यांचंही तेच. तिथं बाया किलोवर बी फोडतात, सालीचं तेल बोटं जाळतं म्हणून हाताला राख फासतात. मोठ्या कारखानदाराकडं भांडवल आहे, तो वर्षभराची बी घेऊन ठेवतो. आमच्या छोट्या कारखानदाराकडं दोन महिन्यांपुरतेही पैसे नसतात. भट्टी थंड पडली की पहिल्यांदा घरी बसते ती बी फोडणारी बाई.

आता कोणी म्हणेल, म्हणजे आफ्रिकेतले लोक आपल्या मुळावर आले. साथींनो, इथंच आपल्याला फसवतात. मोझांबिक देशात स्वतःचे काजू कारखाने होते. कच्ची बी बाहेर जाऊ नये म्हणून त्यांच्या सरकारनं तिच्यावर कर ठेवला होता. १९९५ च्या सुमाराला जागतिक बँकेनं कर्जाची अट घातली की हा कर कमी करा. सांगितलं काय, तर शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल. झालं काय? कच्ची बी भारताकडं निघाली, तिथले कारखाने एकामागून एक बंद पडले, हजारो कामगार घरी बसले, त्यात बाया पुष्कळ. आणि शेतकऱ्याच्या हाती फार काही आलं नाही, मधल्यांनी खाल्लं. तिथल्या बाईचं काम काढून घेतलं आणि तीच बी इथल्या बाईचा भाव पाडायला वापरली. या दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नाही. दोघींना मारणारा हात मात्र एकच आहे.

हे झालं काजूचं. आता बाकीचा बाजार बघा. आमच्या मसुऱ्याची आंगणेवाडी, भराडीदेवीची जत्रा. देवीचा कौल झाल्यावर तारीख ठरते आणि मुंबईपासून लाखो माणूस येतो. अशा जत्रांत आपल्या लोकांनी विणलेल्या रोवळ्या, सुपं, डालगी खपायची. आता काय खपतं? प्लास्टिकचं टप, प्लास्टिकचं सूप, चिनी खेळणी, चिनी बॅटरी. इरल्याच्या जागी प्लास्टिकचा कागद आला. कोकमाच्या सरबताशेजारी कोका-कोलाचा बर्फात ठेवलेला डबा आहे, आणि आमचीच पोरं तिकडं आधी हात करतात. मालवणी खाजं तेवढं अजून टिकून आहे. ते जहाजातून आणता येत नाही म्हणून.

आमच्यातलीच शिकलेली पोरं विचारतात, स्वस्त मिळतं त्यात वाईट काय? बॅटरी स्वस्त झाली तर गरिबाचा फायदाच ना? सवाल खोटा नाही, त्याला शिव्या देऊन उत्तर होत नाही. बॅटरी स्वस्त झाली हे खरं. पण ती घ्यायला पैसे कुठून आणायचे? आपण काहीतरी विकू तेव्हाच ना? आपल्या बीचा भाव पडला, रोवळीचं गिऱ्हाईक गेलं, नाचणीची जमीन कुंपणात गेली. विकायला उरले फक्त हात. आणि हात घेऊन वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर उचल घेऊन जायचं. ज्याच्याकडं विकायला काही नाही त्याला स्वस्ताई काय कामाची?

आणि समजा विकायचं ठरवलं, तरी आमच्यासाठी बाजार खुला आहे का? आयव्हरी कोस्टची बी हजारो मैल येते, तिला अडवणारा कोणी नाही. पण आमच्या माणसानं रानातून कळकाचे चार दांडे खांद्यावर आणले, तर वनखात्याचा नाका आडवा. वाहतुकीचा पास कुठाय? १९२७ चा, इंग्रजांचा वन कायदा अजून जिवंत आहे. कंपनीसाठी बंधनं उठली ती २००१ साली. आमच्या मोळीवरची बंधनं कधी उठणार? त्याची तारीख कुठल्या करारात लिहिली आहे?

मग सांगतात, पर्यटन येतंय. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला, १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण धावली. येऊ दे की पाहुणे, आम्ही कोणाला नको म्हणत नाही. पण वेंगुर्ल्यात शिरोडा-वेळागरला पंचतारांकित हॉटेलासाठी जमीन पाहिजे झाली तेव्हा सरकारला ती मिळवून देता आली. भूमिहीन कातकऱ्याला झोपडीखालची दोन गुंठे जमीन द्यायची म्हटलं की जमीन शिल्लक नसते. उलट ३ मे २००२ ला दिल्लीच्या पर्यावरण आणि वन मंत्रालयानं सगळ्या राज्यांना पत्र काढलं की जंगलातली अतिक्रमणं ३० सप्टेंबरपर्यंत हटवा. म्हणजे बाहेरच्या भांडवलाला आवतण आणि इथं पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्याला हुसकावणं. दोन्ही एकाच सरकारचं काम, एकाच दशकातलं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. जागतिकीकरणाविरुद्ध नुसत्या घोषणा देऊन आपलं भागणार नाही. सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याला भाव पडला तर नुकसान होतं, पण तो एक हंगाम थांबू शकतो, पीक बदलू शकतो, कर्ज काढू शकतो, अनुदान मागू शकतो. ज्याच्या नावावर काही नाही त्याला थांबताच येत नाही. बाजाराचा मार सगळ्यांना बसतो, पण पाय टेकायला जागा ज्याला नाही तो वाहून जातो. आपल्यासाठी जमिनीचा लढा आणि खुल्या बाजाराविरुद्धचा लढा हे दोन लढे नाहीत. एकच आहे.

लढून काही होत नाही असं म्हणणाऱ्यांनी आमच्या किनाऱ्याकडं बघावं. १९९१ नंतर सरकारनं परदेशी कंपन्यांच्या भागीदारीतल्या मोठ्या जहाजांना खोल समुद्रात मासेमारीचे परवाने दिले. देशभरचे मच्छीमार उठले, संप केले, बंदरं बंद पाडली. सरकारला मुरारी समिती नेमावी लागली आणि १९९६ मध्ये त्या समितीनंच परवाने रद्द करा म्हणून सांगितलं. आपल्याही रेट्यानं महाराष्ट्र सरकारला १० ऑक्टोबर २००२ चा शासन निर्णय काढावा लागला. त्यानुसार गावपातळीवर समिती बसून जंगलजमिनीचे दावे तपासणार होती.

तेव्हा आता कामं ही:

१) प्रत्येक पाड्यानं, वाडीनं दाव्यांची यादी करावी. कसणाऱ्या एकाचंही नाव सुटता कामा नये. जुन्या दंडाच्या पावत्या पेटीत असतील त्या काढा. त्या दंड म्हणून फाडल्या, आज त्याच पुरावा आहेत. म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या.

२) ज्यांची जंगलजमीन नाही, त्यांनी झोपडीखालची जागा आणि कसायला सरकारी पडीक जमीन मागावी. सिंधुदुर्गसारख्या जिल्ह्यातल्या थोड्या आदिवासींना संघटनेनं मागं टाकू नये.

३) काजू बी एकेकटीनं विकू नका. वाडीतल्या बायांनी एकत्र वजन करून, दोन-तीन व्यापाऱ्यांना विचारून विकावी. यानं जगाचा भाव बदलणार नाही, पण काट्यातली चोरी तरी थांबेल.

४) कळक, बी, गोळा केलेला रानमाल यांना वाहतूक पास नको, ही मागणी प्रत्येक मोर्चात पहिल्या पाचात हवी.

जगाला दार उघडायचं असेल तर उघडा. पण आधी आमच्या मोळीपुढचा नाका उचला, आणि आमच्या पायाखालची जमीन आमच्या नावावर करा. मग बघू कोणाचा माल चांगला ते.

जमीन आमच्या हक्काची, नाही कुणाच्या बापाची!

– एक कार्यकर्ता, मसुरे, ता. मालवण