रंगवू नका, काका!

आजोबांचं ‘ओमेगा कॉन्स्टेलेशन’ परवा दुरुस्तीला नेलं. घड्याळवाले काका म्हणाले, “डायल पार पिवळी पडलीय. रंगवून देतो, एकदम नवीन!” मी जवळजवळ ओरडलेच. अहो, तीच तर मजा आहे!

हे मॉडेल १९५२ मध्ये आलं. आजोबांचं साठच्या दशकातलं. आत ५६१ नंबरचं ऑटोमॅटिक मशीन, २४ ज्वेल्सचं. डायलला बारा पैलू, कडा उतरत्या, पालथ्या थाळीसारख्या. शौकीन मंडळी तिला ‘पाय-पॅन’ म्हणतात. पाठीवर वेधशाळा आणि आठ तारे. शर्टाच्या कफाखाली हे गुपचूप सरकतं. हल्लीच्या बशीएवढ्या घड्याळांपुढे किती सभ्य!

चावी द्यायची कटकट नाही. हात हलला की आतला रोटर फिरतो, स्प्रिंग गुंडाळली जाते. कपाटात ठेवलं की दोनेक दिवसांत गप्प. आजोबा गेल्यावर ते असंच बारा वर्षं गप्प होतं.

डायल रंगवली की मूळ छपाई गेली ती गेलीच. म्हणून फक्त साफसफाई आणि ऑइलिंग करून घेतलं. काका नाराज. आता ते दिवसाला अर्धं मिनिट पुढे पळतं. माझ्यासारख्या लेटलतीफ बाईला चालतंय!