जाळी आपली, तर सावलीही आपली

सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातील मोकाट कुत्री उचलून, नसबंदी व लसीकरण करून निवाऱ्यात ठेवण्याचा आणि पुन्हा त्याच जागी न सोडण्याचा आदेश दिला. त्यावर दोन्ही बाजूंनी भरपूर वाद झाला. निवाऱ्याचे छप्पर कसे असावे, यावर मात्र फारसे कोणी बोलले नाही. तो तपशील कंत्राटदाराचा, असे आपण गृहीत धरले. २०१७ पासून स्वच्छतेत देशात अव्वल राहिलेल्या इंदूरला हे गृहीतक शोभणारे नाही. प्रश्न एकट्या महापालिकेचाही नाही. बंगल्यामागच्या अंगणात किंवा शेतावर चार खांब रोवून, जाळी लावून कुत्रा ठेवणाऱ्या प्रत्येकाचा तो आहे. चांगले छप्पर स्वस्तात होते, हे खरेच. पण स्वस्त म्हणजे वर एक पत्रा टाकणे, हा हिशेब माळव्यात चुकतो.

इथले हवामान एकाच छपराकडून तीन कामे मागते. मे महिन्यात, नवतप्याच्या सुमारास, पारा चाळिशी ओलांडतो. वर्षाचा जवळपास सगळा पाऊस, साधारण साडेनऊशे मिलिमीटर, जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. जानेवारीच्या रात्री तापमान दहा अंशांखाली उतरते. नुसता पत्रा यांपैकी वरून पडणारा पाऊस तेवढा अडवतो. उन्हात तापला की तो खालच्या जिवावर उष्णता ओतत राहतो आणि थंडीत पहाटे त्याच्या आतल्या बाजूला पाणी सुटून ठिबकते. त्यात कुत्र्याचे शरीर माणसापेक्षा जास्त अडचणीत. त्याचे नेहमीचे तापमानच ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते आणि घाम येतो तो जवळपास पंजाच्या गाद्यांपुरता. अंग थंड ठेवण्याचा त्याचा मुख्य उपाय म्हणजे धापा टाकणे. जिभेवरची आणि श्वासमार्गातली ओल वाफ होऊन उडाली, तरच त्या धापेचा उपयोग. कोंदट, दमट हवेत ती उडत नाही. शरीराचे तापमान ४१ अंशांपुढे गेले की जिवावर बेतते. पावसाची झड नको म्हणून चारही बाजूंनी ताडपत्री आवळणारा मालक कुत्र्याला कोरडा ठेवतो, पण त्याची हवाच तोडतो.

यावरचा उपाय खिशाला झेपणारा आहे. आहे त्या पत्र्याच्या वर, वीतभर अंतर सोडून, बांबूच्या तट्ट्या किंवा शेडनेट ताणावी. ऊन वरच्या थरावर थांबते आणि मधल्या फटीतून वारा उष्णता वाहून नेतो. त्या फटीला पैसा पडत नाही आणि सर्वांत जास्त फरक तीच पाडते. पत्र्याला चुन्याचा पांढरा हात दिला तर ऊन आणखी परतते. मात्र चुना पावसात धुपतो, म्हणून दर उन्हाळ्याआधी नवा हात हवा. पत्रा परवडत नसेल तर सभा-वाढदिवसांनंतर उतरवलेले फ्लेक्स पाणी उत्तम अडवतात. ते उतारावर ताणावेत, म्हणजे पाणी साचून पोट सुटत नाही. आणि कुत्र्याच्या दातांना पोचणार नाहीत इतके उंच असावेत. पावसाळी वारा येतो ती पश्चिम-नैर्ऋत्येची बाजू बंद करावी, बाकी हवेला मोकळी ठेवावी. थंडीसाठी आत एका कोपऱ्यात कुत्र्याच्या मापाचे खोके पुरते. जमिनीकडे दुर्लक्ष केले तर मात्र वरचा सगळा खर्च वाया. काळी माती पाणी धरते, म्हणून विटांचा थर देऊन त्यावर फळ्यांचा ओटा करावा. अंथरलेले गोणपाट उन्हात वाळवत राहावे, नाहीतर त्यात गोचीड घर करतात. नसबंदीनंतर टाके ओले असलेल्या कुत्र्यासाठी कोरडा ओटा हा उपचाराचाच भाग आहे.

पहिला आक्षेप ठरलेला: रस्त्यावरच्या कुत्र्याला कोण छप्पर देतो? कोणी देत नाही, आणि त्याला तितकी गरजही नसते. दुपारी तो उभ्या गाडीखाली शिरतो, पावसात दुकानाच्या पायरीवर चढतो, थंडीत राखेच्या ढिगात अंग मुडपतो. ऊन सरकते तसा तोही सरकतो. जाळी लावली की नेमकी ही मुभा आपण काढून घेतो आणि तिची भरपाई आपल्यावर येते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचे अकरावे कलमही हेच सांगते: पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी किंवा निवारा न देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र फार तर पन्नास रुपये, त्यामुळे कायद्याच्या धाकावर विसंबण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. माणसेच तापल्या पत्र्याखाली राहत असताना कुत्र्यांचे हे लाड कशाला? पण दुहेरी छप्पर आणि चुना हे उपाय मुळात माणसांच्या घरांचेच आहेत. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम त्याला जोडले. इंदूरने तेच वस्त्यांत आधी करावे, याबद्दल दुमत नाही. परंतु निवाऱ्यावरचा खर्च आदेशामुळे होणारच आहे. तोच पैसा अकलेने लावावा, एवढीच मागणी आहे. कोणी म्हणेल, मग सरळ स्लॅब टाका. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री सोडतो. शब-ए-मालवाचा, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचा, गारवा छपराखाली पोचतच नाही. राहिली हलके छप्पर वावटळीत उडण्याची भीती. ती रास्त आहे, पण छप्पर उडते ते बहुधा बांधणीच्या चुकीने. उन्हाने कुजणाऱ्या सुतळीऐवजी तार वापरली, खांब खोल रोवले आणि मृगाआधी गाठी तपासल्या तर ते टिकते.

म्हणून महापालिकेने निवाऱ्याच्या निविदेत छपराचे चौरस फूट मोजून थांबू नये. मे महिन्यात दुपारी तीन वाजता, जमिनीपासून दोन फुटांवर, म्हणजे कुत्र्याच्या पाठीच्या उंचीवर, थर्मामीटर ठेवावा. आतले तापमान शेजारच्या झाडाच्या सावलीपेक्षा जास्त भरले, तर बिल अडवावे. हीच कसोटी अंगणातल्या पिंजऱ्याला लावायला मालकालाही कोणाच्या आदेशाची गरज नाही.