‘हॅविंग’चा गुन्हा आणि मातृभाषेवरचा आळ

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे आपल्याकडच्या इंग्रजीच्या प्राध्यापकांचे हक्काचे विनोदी वाक्य आहे. कुणा विद्यार्थ्याच्या तोंडून ते निसटले की वर्गात खसखस पिकते आणि मग गंभीर चेहऱ्याने निदान सांगितले जाते : मातृभाषेचा प्रभाव. निदान ऐकायला मोठे शास्त्रीय आहे. ते खोटे आहे, एवढीच अडचण.

मराठीत ‘हॅव’ला समांतर असे क्रियापदच नाही. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे शंभर रुपये आहेत, तिला ताप आहे, खोलीला दोन खिडक्या आहेत, सगळीकडे ‘असणे’च. ज्याचे आहे तो कर्ता होत नाही, ‘ला’ किंवा ‘कडे’ लावून बाजूला उभा राहतो. पण नाते आणि ताबा यांतला जो भेद इंग्रजी ‘हॅव’ गिळून टाकते, तो मराठी कटाक्षाने राखते. ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ असे म्हणून पाहा. ऐकणारा विचारील, मुक्कामाला आलेत का? आणि ‘मला दोन भाऊ असत आहेत’ असे तर मराठीत कुणी झोपेतही म्हणणार नाही. मग ‘हॅविंग’ नेमके कोणत्या मातेकडून आले?

मराठीचा हात जिथे खरोखर आहे, ती ठिकाणे वेगळी आहेत. ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ यामागे ‘मला कळत नाहीये’ स्पष्ट ऐकू येते. कळतंय, वाटतंय, दिसतंय ही आपली अस्सल रूपे आहेत. ‘आय हॅड गॉन टु पुणे येस्टरडे’ यामागे ‘काल पुण्याला गेलो होतो’ आहे. हे ‘होतो’ नुसते झालेली गोष्ट सांगते. इंग्रजी ‘हॅड’ मात्र त्यानंतरच्या दुसऱ्या एखाद्या घटनेची वाट पाहत राहते. म्हणजे तीन चुका, कारणे निरनिराळी, आणि औषध एकच : हशा.

‘हॅविंग’चे मूळ, माझ्या मते, शाळेतल्या काळांच्या तक्त्यात आहे. कोणतेही क्रियापद घ्यायचे आणि बारा खणांतून फिरवायचे. क्रियापद कृती सांगते की स्थिती, हा प्रश्न त्या तक्त्याला पडत नाही. पुढे महाविद्यालयात त्यावर उतारा म्हणून दुसरे अर्धसत्य पाजले जाते : ‘हॅव’ला ‘आयएनजी’ लागत नाही. कसे लागत नाही? ‘शी हॅज अ बेबी’ म्हणजे तिला मूल आहे. ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे तिला मूल होणार आहे. दोन्ही वाक्ये निर्दोष. जेवण, अंघोळ, गप्पा, त्रास, मेजवानी यांच्यासोबत ‘हॅविंग’ बिनबोभाट चालते, कारण तिथे ‘हॅव’ ताबा सांगत नाही, काहीतरी घडत असल्याचे सांगते. हे समजावायला दहा मिनिटे लागतात. हसायला अर्थात कमी लागतात.

या हशाला आपण साहित्यिक प्रतिष्ठाही मिळवून दिली आहे. निस्सीम इझिकेल यांची ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ ही कविता, ‘हिम्स इन डार्कनेस’ (१९७६) या संग्रहातली, कित्येक वर्गांत केवळ चुका अधोरेखित करण्यासाठी वाचली जाते. त्यातली निरोपाच्या भाषणाची पोकळ औपचारिकता, वक्त्याचे स्वतःकडेच पुन्हा पुन्हा वळणे, हे सारे राहते बाजूला. शिवाय तो वक्ता सुरत-बलसाडचा उल्लेख करतो. त्याच्या वाक्यांचा जाब मराठीला का? इझिकेल स्वतः बेने इस्रायली घरातले. इंदिरा संतांच्या कवितांचे इंग्रजी अनुवाद त्यांनी वृंदा नाबर यांच्यासह केले. मराठी माणूस इंग्रजी बोलताना कुठे अडखळतो, हे त्यांना आपल्या टीकाकारांपेक्षा अधिक ठाऊक असणार.

आणि हसणाऱ्यांनी इंग्रजीच्या घरातही डोकावावे. ‘इज बीइंग बिल्ट’ हे रूप आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे; एकोणिसाव्या शतकात रिचर्ड ग्रँट व्हाइट यांच्यासारखे अमेरिकन भाषापंडित त्यावर तुटून पडले होते. घर ‘इज बिल्डिंग’च असले पाहिजे, असा आग्रह होता. स्थितिवाचक ‘लव्ह’ला ‘आयएनजी’ जोडून मॅकडोनल्ड्सने २००३ मध्ये जगभर जाहिरात केली, तेव्हा त्या कंपनीला कुणी मातृभाषेचा प्रभाव चिकटवला नाही. तिथे ती शैली ठरली.

म्हणून ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ बरोबर मानावे, असे मी म्हणत नाही. परीक्षेत त्याचे गुण जातील, मुलाखतीत नोकरीही जाईल, आणि जाईल ती बहुधा मराठी माध्यमातून आलेल्याचीच. तो पुन्हा वर्गात तोंड उघडत नाही, हे नुकसान गुणांहून मोठे आहे. त्याला फळ्यावर दोन मराठी वाक्ये लिहून द्या, ‘मला दोन भाऊ आहेत’ आणि ‘माझ्याकडे दोन भाऊ आलेत’, आणि विचारा, यांतल्या कोणत्या वाक्यात काही घडले आहे? उत्तर त्याला येते.