पहिली गोळी

रायफलींच्या जाहिरातींत 'अचूक' हा शब्द हल्ली इतका स्वस्त झाला आहे की, त्याचा अर्थ विचारायचेही कोणाला सुचत नाही. अचूक, पण कोणत्या काडतुसाने? कोणाच्या हातात? किती अंतरावर? आणि मुख्य म्हणजे, कितवी गोळी? शिकारीसाठी रायफल घेणाऱ्याने हे चार प्रश्न आधी स्वतःला विचारले, तर बरेचसे पैसे वाचतील आणि एखाद्या मुक्या जनावराचे हालही वाचतील, असे माझे मत आहे.

वाचकहो, मी ह्या विषयावर लिहावे याचे तुम्हाला नवल वाटेल. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते चांगलेच झाले. पण आपली मुले आता जगभर पसरली आहेत. माझा एक पुतण्या अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात असतो. तिथे थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. पांढऱ्या शेपटीची ही हरणे तिथे भरपूर आहेत, शेतीचे नुकसानही करतात. लोक रीतसर परवाने काढून रानात जातात, मारलेल्या हरणाचे मांस घरी आणून हिवाळाभर खातात. पुतण्याच्या शेजाऱ्यांनी त्यालाही बोलावले. शिकारीचा तिथला अभ्यासक्रम त्याने पुरा केला आणि मला फोन केला, "काका, रायफल कोणती घेऊ?" शाळेत मी बरीच वर्षे एन.सी.सी. सांभाळली, एवढेच माझे भांडवल! पण त्या निमित्ताने मी ह्या विषयावर पुष्कळ वाचले, त्याच्याशी पुष्कळ बोललो, आणि माझे एक मत तयार झाले. तेच इथे मांडतो.

शिकार करावी की करू नये, हा वाद मी आज घालत नाही. ज्याने जायचे ठरवले, त्याच्यावर एक ऋण असते. ज्या जिवावर तो नेम धरतो, तो जीव तडफडत मरता कामा नये. पोटात गोळी लागलेले हरीण तासन्‌तास चालत राहते, कुठल्या तरी झाडीत जाऊन पडते, पुष्कळदा सापडतही नाही. रायफलीच्या अचूकपणाला महत्त्व आहे ते ह्या एका कारणासाठी. बाकीची सगळी हौस.

आता थोडे गणित. नेमबाज लोक अचूकपणा कोनात मोजतात. अंशाचा साठावा भाग म्हणजे कोनाचा एक मिनिट; त्यालाच ते 'एमओए' म्हणतात. १०० यार्डांवर तो एका इंचाहून किंचित जास्त भरतो, २०० यार्डांवर दोन इंच. एखादी रायफल एक एमओएची आहे म्हणजे १०० यार्डांवर तिच्या गोळ्या साधारण एक इंचाच्या घोळक्यात पडतात. आता हरणाची छाती घ्या. हृदय आणि फुप्फुसे असलेली जागा साधारण आठ इंच व्यासाची धरतात. दीड एमओएची साधी रायफल २०० यार्डांवर तीन इंचांचा घोळका करील, म्हणजे मध्यापासून दीड इंच इकडेतिकडे. तिच्या दुप्पट किमतीची, अर्ध्या एमओएची रायफल मध्यापासून अर्धा इंच इकडेतिकडे जाईल. फरक किती? एक इंच! आणि उभ्याने नेम धरताना नवख्या माणसाचा हात किती इंच हलतो, ते एन.सी.सी.च्या कोणत्याही मास्तरला विचारा.

तेव्हा पहिला मुद्दा हा की, अर्ध्या इंचाच्या मागे धावू नये. चांगल्या काडतुसाशी जुळले तर दीड एमओए आज मध्यम किमतीच्या रायफलीलाही अवघड राहिलेले नाही.

पण 'चांगल्या काडतुसाशी जुळले तर' ह्या चार शब्दांतच खरी मेख आहे. हौशी लोक घरी काडतुसे भरतात. दारू तोलून घालतात, गोळी किती खोल बसवायची ते आपल्या रायफलीच्या मापाने ठरवतात. शिंप्याकडून मापाने शिवून घेतलेल्या सदऱ्यासारखेच ते. पुतण्यासारखा माणूस मात्र दुकानातून वीस काडतुसांची डबी विकत आणणार. हा तयार सदरा. कारखान्याला काडतूस असे करावे लागते की, त्या मापाच्या कोणत्याही कंपनीच्या रायफलीत ते बसलेच पाहिजे. त्यासाठी उत्पादकांनी कमाल-किमान मापे ठरवून घेतलेली असतात. म्हणून काडतूस जरा आखूड-बारीक, रायफलीतली त्याची जागा जरा ऐसपैस. शिवाय गोळी सुटताना नळी थरथरते, आणि ती कशी थरथरेल हे काडतुसागणिक बदलते. त्यामुळे एकाच वजनाच्या गोळीची दोन कंपन्यांची काडतुसे एकाच रायफलीतून अगदी निराळी वागतात. एक इंचभर घोळक्यात बसते, दुसरे तीन इंच पसरते. ह्यात दोष कोणाचाच नाही. जमत नाही, इतकेच.

म्हणून तयार काडतुसे वापरणाऱ्याने काडतूस आधी निवडावे आणि रायफल नंतर, असे मी म्हणतो. लोक उलटे करतात. रायफल आवडते म्हणून घेतात आणि मग तिच्या पोटाला काय घालायचे ते शोधत हिंडतात. काडतूस असे हवे की जे लहान गावातल्या दुकानातही चार कंपन्यांचे, तीन-चार वजनांच्या गोळ्यांचे मिळेल. .३०-०६ स्प्रिंगफील्ड (१९०६), .२७० विंचेस्टर (१९२५), .३०८ विंचेस्टर (१९५२), .२४३ विंचेस्टर (१९५५) ही जुनी मंडळी, आणि २००७ मध्ये आलेले ६.५ क्रीडमूर. हरणासाठी ह्यांतले कोणतेही पुरते. २०२०-२१ मध्ये अमेरिकेत काडतुसांची मोठी टंचाई झाली, दुकानांतली फडताळे रिकामी पडली. अशा वेळी अप्रूपाच्या काडतुसाची रायफल म्हणजे पाण्याविना विहीर.

ह्या बाबतीत १९५५ सालची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्या वर्षी दोन कंपन्यांनी जवळजवळ सारखी दोन काडतुसे बाजारात आणली. विंचेस्टरचे .२४३ आणि रेमिंग्टनचे .२४४. ताकदीत .२४४ तसूभरही कमी नव्हते. पण रायफलीच्या नळीत आतून जे पिळाचे आटे असतात (त्यांनीच गोळी भोवऱ्यासारखी फिरते आणि सरळ जाते), ते रेमिंग्टनने सावकाश पिळाचे ठेवले होते, बारा इंचांत एक फेरा. विंचेस्टरने दहा इंचांत एक फेरा ठेवला. गोळी जितकी लांब, तितका पीळ जलद लागतो. त्यामुळे .२४४ मध्ये ९० ग्रेनपर्यंतच्या गोळ्या धरल्या होत्या, तर .२४३ मध्ये हरणासाठीची १०० ग्रेनची गोळीही चाले. गिऱ्हाइकाने हिशेब केला आणि तो .२४३ कडे गेला. रेमिंग्टनने १९६३ मध्ये नऊ इंचांचा पीळ देऊन, '६ मिलिमीटर रेमिंग्टन' असे नवे नाव ठेवून तेच काडतूस पुन्हा आणले. पण गेलेली गाडी गेली ती गेलीच. आज .२४३ कुठेही मिळते, दुसरे शोधावे लागते. रायफल उत्तम असूनही तिला बाजारातली योग्य गोळी पेलत नसेल, तर त्या उत्तमपणाचे करायचे काय?

हा पिळाचा मुद्दा आजही जुना झालेला नाही. शिशाच्या कणांनी गिधाडांना आणि इतर पक्ष्यांना विषबाधा होते, म्हणून कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद झाली. मग तांब्याची गोळी आली. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला जलद पीळ लागतो. तेव्हा रायफल घेताना नळीवर पिळाचा आकडा काय लिहिला आहे ते वाचावे आणि आपण कोणती गोळी वापरणार ते मनाशी ठरवावे. दस्त्याच्या लाकडावरची नक्षी नंतर बघता येते.

बाकी रायफलीत पाहायचे ते थोडकेच. नळी पुढे दस्त्याला टेकलेली नसावी; दोघांच्या मधून कागदी नोट सहज सरकली पाहिजे. लाकूड दमट हवेत फुगते आणि नळीला रेटते, नेम हलतो. चाप ओढताना मध्ये अडखळू नये, काचेची काडी मोडावी तसा सुटावा. दुर्बिणीचे स्क्रू घट्ट असावेत. अनेकदा 'रायफल बिघडली' म्हणतात तेव्हा सैल झालेला असतो तो स्क्रू. आणि रायफल खांद्याला सोसवेल अशी असावी. फार हलकी रायफल डोंगर चढताना गोड वाटते, पण बार काढताना असा दणका देते की, पुढच्या वेळी माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो. डोळे मिटलेल्याच्या हातात अर्ध्या एमओएची रायफल असली काय नि नसली काय!

मग परीक्षा. तीन-चार निरनिराळ्या डब्या आणाव्या, नीट टेकण घेऊन, नळी थंड होऊ देऊन झाडाव्या, आणि रायफलीला जी मानवते ती ठेवावी. ती सापडली की त्याच लॉट क्रमांकाच्या आणखी डब्या घ्याव्या, कारण लॉट बदलला की वागणूक बदलू शकते. इथे मास्तर म्हणून एक सांगतो. काही कंपन्या तीन गोळ्यांच्या घोळक्यावर एक इंचाची हमी देतात. पण तीन गोळ्यांचा घोळका नेहमीच लहान दिसतो. त्याच रायफलीच्या दहा गोळ्यांचा घोळका सरासरीने त्याच्या दीडपटीहून थोडा जास्त भरतो. हे संख्याशास्त्र आहे, त्यात लबाडी नाही. लबाडी होते ती आपण दहा वेळा तीन-तीन गोळ्या झाडून सगळ्यांत छान कागद तेवढा पाकिटात ठेवतो तेव्हा. विद्यार्थ्याचा सर्वांत चांगला पेपर फ्रेम करून बाकीचे फाडून टाकले, तर त्याला प्रगतिपुस्तक कोण म्हणेल?

माझ्या मते शिकाऱ्याची खरी परीक्षा तर निराळीच आहे. रानात घोळका नसतो. थंडीत दोन तास निश्चल बसल्यावर, गार नळीतून, एकच गोळी सुटते. तिचाच काय तो निकाल. म्हणून मी पुतण्याला सुचवले की, एक कागद घे, आठवड्यातून एकदा मैदानावर जा, त्या कागदावर गार नळीची फक्त पहिली गोळी झाड, आणि कागद घरी आण. दहा आठवड्यांनी त्यावर दहा भोके होतील. तो तुझा आणि तुझ्या रायफलीचा, दोघांचा मिळून घोळका. टेकण घेऊन नव्हे, जसा रानात बसशील तसा बसून. ज्या अंतरावर ही दहाही भोके आठ इंचांच्या वर्तुळात राहतात, तेवढीच तुझी हद्द. त्यापलीकडचे हरीण कितीही देखणे असो, ते तुझे नव्हे.

मराठी वाचकाला शिकार म्हटले की जिम कॉर्बेट आठवतात. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्यांना .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली. तिचे काडतूस म्हणजे इंग्रजी नाव घेतलेले जर्मन ७ बाय ५७ माउझर. अवाढव्य वगैरे काही नाही. तिनेच त्यांनी मे १९२६ मध्ये, अंधाऱ्या रात्री, आंब्याच्या झाडावर बसून, विजेरीच्या उजेडात रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला. मधली एकोणीस वर्षे ती रायफल त्यांच्या हातात मुरली होती. अंधारात चाप कुठे सुटतो हे बोटाला ठाऊक असणे, ही अचूकता कोणत्याही जाहिरातीत छापून येत नाही.

तेव्हा माझा सल्ला सरळ आहे. सर्वत्र मिळणारे काडतूस, त्याला योग्य पिळाची मध्यम किमतीची रायफल, तिला मानवणारी एकच गोळी, आणि वाचलेल्या पैशांची आणखी काडतुसे, सरावासाठी. भारी रायफल घेऊन वर्षाला एक डबी झाडणाऱ्यापेक्षा साधी रायफल घेऊन दहा डब्या झाडणारा माणूस हरणाच्या दृष्टीने पुष्कळ बरा. हरणाला हे कळत नाही, म्हणून ते आपल्याला कळायला हवे.

पुतण्याने .३०८ घेतली आहे. कागदावर सध्या सहा भोके झाली आहेत, त्यातले एक वर्तुळाच्या बाहेर आहे. १५० यार्डांवरून तो आता १०० वर आला आहे. मला रायफलीपेक्षा त्याचे हे मागे येणे जास्त आवडले.