एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार किलोमीटर

२२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ब्रिटिश खगोलप्रेमींच्या एका तुकडीने वऱ्हाडात तळणी इथे तळ ठोकला होता. त्या तुकडीत जॉन एव्हरशेड होते. पुढे कोडाईकनालच्या वेधशाळेत त्यांनी आणि पत्नी मेरी यांनी सूर्याच्या कडेवर उठणाऱ्या ज्वाळांचा, म्हणजे प्रॉमिनन्सचा, वर्षानुवर्षे अभ्यास केला.

त्यासाठी ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही, आणि आज तर स्वतःची वेधशाळाही लागत नाही. पुण्याच्या ‘आयुका’त घडलेली ‘सूट’ ही दुर्बीण ‘आदित्य-एल१’ या यानावरून सूर्यबिंबाची चित्रे पाठवते आणि इस्रोने ती सर्वांना खुली केली आहेत. गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी इथल्या बीएस्सीच्या प्रात्यक्षिकांत ती यायलाच हवीत. दुर्बीण नको, निधी नको. चित्रांच्या प्रिंट आणि मोजपट्टी पुरे.

सूर्यबिंब १४ सेंटिमीटरचे छापले, तर १ मिलिमीटर म्हणजे सुमारे १०,००० किलोमीटर. कडेवरच्या ज्वाळेची कमान प्रत्येक चित्रात किती वर गेली ते मोजायचे, वेळ लिहायची, आलेखावर ठिपके द्यायचे. कमान आधी कित्येक दिवस जागची हलत नाही. मग सावकाश चढू लागते: सेकंदाला १० किलोमीटरने चढली, तर तासाभरात साडेतीन मिलिमीटर. आणि मग चुंबकीय बंध सुटतात. वेग शेकड्यांत जातो, पिळलेले धागे उलगडतात, आलेखाची रेघ एकदम उभी राहते. खगोलशास्त्रज्ञ एडिसन पेटिट यांनी १९२५च्या सुमारास असेच ठिपके जोडून, वेग टप्प्याटप्प्याने वाढतो असा नियम मांडला होता. पुढच्या बारीक मोजण्यांत वाढ सलग निघाली. नियम कसा मांडला जातो आणि कसा मोडतो, हे पोरांना स्वतःच्या वहीत दिसेल. शिकण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

ज्वाळा म्हणतो खरे, पण तिथे जळत काहीच नसते. भोवतालच्या दहा लाख अंशांहून तप्त प्रभामंडळात चुंबकीय क्षेत्राने तोलून धरलेला, जेमतेम दहा हजार अंशांचा तो वायू. उद्रेकानंतर त्यातला काही अवकाशात निघून जातो, काही वाकून पुन्हा सूर्यावर कोसळतो. तो कोसळणारा भागही मोजायला सांगावा. त्याचे ठिपके आलेखावर खाली उतरतात.