पासवर्ड आणि पाचशे रुपये

माझी लेक नववीत आहे. एका रात्री ती गाढ झोपलेली असताना मी तिचंच बोट टेकवून तिचा मोबाईल उघडला आणि अर्धा तास इन्स्टाग्राम चाळलं. सापडलं काय? मांजरांचे रील्स, गणिताच्या सरांची नक्कल आणि मैत्रिणीला लिहिलेली एक ओळ : ‘मम्मीला सांगू नको, ती मोबाईलच काढून घेईल.’ काय सांगू नको, ते कळलं नाही. विचारावं तर माझीच चोरी उघडी पडणार. आठवड्याभरात बोटाचा लॉक गेला, पासवर्ड आला.

पोरांच्या मोबाईलचा प्रश्न गावांनाही पडलाय. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावाने 28 नोव्हेंबर 2024 च्या ग्रामसभेत आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड ठरवला. शिव्यांवरच्या दंडामुळे गाव देशभर गाजलं. मुलांच्या अभ्यासासाठी संध्याकाळी सात ते नऊ त्यांच्या हाती मोबाईल नाही, हेही गावाने ठरवलं. त्याची चर्चा कमी झाली. सांगलीकडच्या मोहित्यांचे वडगावात तर 2022 पासून सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. मला सौंदाळा जास्त भावला, कारण पोरांना वळण लावायला निघालेल्या गावाने दंड मोठ्यांनाही लावला.

अर्थात, हे सगळं अभ्यासापुरतं. नऊनंतर पांघरुणात काय चालतं, ते कुठल्या भोंग्याला कळणार?

इन्स्टाग्रामवर पालकांसाठी देखरेखीची सोय आहे. पोराने मान्य केली की गेल्या सात दिवसांत ते कुणाशी मेसेजवर बोललं, हे आईबापाला दिसतं. काय बोललं, ते दिसत नाही. मला हे प्रमाण बरोबर वाटतं. पण वय वाढवून खातं उघडलं असेल तर लहान मुलांसाठीची बंधनं लागणार कशी? आमच्या घरी ते काम मीच केलं होतं. खात्याला तेरा वर्षं पूर्ण लागतात, लेक होती अकराची. हट्ट केला म्हणून जन्मसाल मागे ढकललं. पहिलं खोटं माझं.

देखरेखीपेक्षा मोठा प्रश्न आहे तो पोरं घरी सांगतात का, हा. मुलींना फोटोवरून धमकावणाऱ्याचं खरं भांडवल म्हणजे ‘घरी कळेल’ ही भीती. पाथर्डी-शेवगावकडे ऊसतोडीला जाणाऱ्या कित्येक घरांत मुलीचं नाव निघालं की शाळा सुटते, स्थळं बघणं सुरू होतं. शहरात, सावेडीत राहणारे आम्ही शहाणे, आम्ही मोबाईल काढून घेतो. बाललैंगिक अत्याचारांविरुद्धचा 2012 चा पॉक्सो कायदा अठराच्या आतल्या मुलीला असं छळणाऱ्याला गुन्हेगार मानतो. शिक्षा मात्र घरात मुलीलाच आधी होते. मग ती सांगेल कशाला?

मोबाईल पाहिला होता, हे लेकीला सांगायला मला सहा महिने लागले. गेल्या रविवारी सांगितलं. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते, तर ओट्याला टेकून उभी राहिली. “काही सांगितलं तर मोबाईल घेणार नाहीस ना?”

“नाही घेणार.”

तिने जे सांगितलं ते इथे लिहीत नाही. तसा शब्द दिलाय. दोन नंबर मात्र लिहिते. लहान मुलांच्या मदतीसाठी 1098, ऑनलाईन पैसे उकळले असतील तर 1930. आजच पोरांना शेजारी बसवा आणि त्यांच्याच हाताने हे नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करायला लावा.